रक्ताचा निकाल वाचणारे गुरुजी

गुरुजी कुणाचाही रिपोर्ट उभ्याने वाचत नसत. कुरखेड्याच्या बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या बाहेर एक लाकडी बाक होतं. त्यावर ते मांडी घालून बसत, सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत, खिशातून लाल पेन काढत आणि मग हात पुढे करत. ज्याचं रक्त असेल त्याने मात्र उभं राहायचं, बाकावर जागा असली तरी. निकाल बसून ऐकायचा नसतो, असा त्यांचा नियम होता. मी त्यांच्याच हाताखाली चौथी पास झालेली, त्यामुळे मला तर हातही बांधावेसे वाटत.

त्यांना सगळे 'निकाल गुरुजी' म्हणत. पूर्वी दहावीचा निकाल लागला की आजूबाजूच्या चार-पाच खेड्यांतले आईबाप गुरुजींच्या दारात यायचे. गुरुजी क्रमांक शोधायचे, बोट ठेवायचे, थोडं थांबायचे आणि मग सांगायचे. त्या थांबण्यात त्यांची सगळी सत्ता होती. पुढे निकाल मोबाइलवर आला आणि ज्याला त्याला घरबसल्या एकट्याने नापास होण्याची सोय झाली. त्याच सुमारास गुरुजी सेवानिवृत्त झाले. दोन-तीन वर्षं त्यांनी फार वाईट काढली.

पण मग आमच्या भागात रक्त तपासायची साथ आली. शिबिरवाले मंडप टाकू लागले, सकाळी उपाशीपोटी रक्त काढून बदल्यात केळं देऊ लागले आणि संध्याकाळी मोबाइलवर अकरा पानांचा रिपोर्ट पाठवू लागले. पहिल्या पानावर सकाळी पळायला निघालेलं एक हसरं म्हातारं जोडपं असे. आमच्याकडे म्हातारे सकाळी पळतात ते फक्त रानडुक्कर मागे लागलं तर. आतल्या दहा पानांवर आकडे, आणि आकड्यांपुढे इंग्रजी अक्षरं. ती पानं बघायला डॉक्टरांना वेळ नव्हता आणि बघणाऱ्याला कळत नव्हतं. लोक झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला आले, आणि बाहेर बाकावर गुरुजी बसलेलेच होते.

गुरुजी डॉक्टर नव्हते आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं. औषधाचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. "मी वाचून दाखवतो, लिहून देत नाई," असं म्हणत. तपासणी प्रयोगशाळेतल्या माणसाला भंडावून त्यांनी एक दोनशे पानी वही भरली होती, आणि प्रत्येक तपासणीचा अर्थ तिच्यात स्वच्छ अक्षरात लिहिला होता. मात्र अर्थ लिहिताना शाळा त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. आकड्यापुढे कंसात जी मर्यादा छापलेली असते तिला ते 'हद्द' म्हणत. आकडा हद्दीत असला की लाल पेनाने बरोबरची खूण, बाहेर असला की गोल.

लोकांनाही ते मानवलं. आमच्या लोकांना कुठल्याही आकड्याचा अभिमान वाटू शकतो. रेशन दुकानवाल्याचं रक्तातल्या चरबीचं मोजमाप चारशेच्या वर गेलं, तेव्हा अख्ख्या तालुक्यात आपलाच आकडा मोठा आहे असं तो सांगत फिरू लागला. गुरुजींनी त्याला बाकासमोर उभं केलं आणि एवढंच म्हटलं, "या परीक्षेत पयला नंबर काढाचा नसते, बाबू." त्यानंतर तो काही दिवस सायकलवर दिसला. मग गुरुजी दुसऱ्यांच्या रिपोर्टांत गुंतले आणि सायकल पुन्हा भिंतीला लागली.

आता माझं सांगते. मी पंचायत समितीत लिपिक. लग्नानंतर पाच वर्षं मला धाप लागायची, पोट फुगायचं, केस मूठमूठ गळायचे. हिमोग्लोबिन सातच्या वर जायचं नाही. आमच्या भागात बाई पांढरी पडली की पहिला संशय सिकलसेलचा. माझी ती तपासणी तीनदा झाली आणि तिन्ही वेळा काही निघालं नाही. निघालं नाही याचाच लोकांना राग यायचा. लोहाच्या गोळ्या मी इतक्या खाल्ल्या की त्यातून एक तवा झाला असता. या पाच वर्षांत दोन वेळा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. सासूबाई तोंडाने काही बोलल्या नाहीत, पण शेजारणीकडे पाळणा हलला की त्या आमच्या घराचं दार लावून घेत.

शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्ताची वेगळीच तपासणी केली, नळी घालून आतड्याचा तुकडा काढला आणि सांगितलं, सिलियाक आहे. गव्हातलं एक द्रव्य तुमच्या आतड्याला सोसत नाही. आतडं सोललं गेलंय, म्हणून खाल्लेलं लोह अंगाला लागत नाही. गहू, मैदा, रवा, सगळं जन्मभर बंद. गव्हाशी झगडायला रक्तात जी प्रतिद्रव्यं तयार होतात, त्यांचा आकडा खाली येईपर्यंत मुलासाठी घाई करू नका, आकडा उतरला की या, मग बघू. त्यांनी हे सगळं नीट सांगितलं, पण बाहेर चाळीस माणसं बसली होती. मी रिपोर्ट पिशवीत घातला आणि नवऱ्याबरोबर गाडीत बसले.

गावात या रोगाचं स्वागत कसं झालं ते काय सांगू. धानाच्या मुलखातल्या बाईला गव्हाचा आजार व्हावा, हे कुणाला पटेना. माझी मामेसासू म्हणाली, हा पुण्या-मुंबईचा रोग, नोकरी करणाऱ्या बायांना होतो. एकाने सल्ला दिला की पोळीला तूप लावून खा, मग बाधत नाही. आमच्याकडे भात रोजचा, आणि पोळी पाहुण्याची. कुणाच्या घरी गेलं आणि पुढ्यात नुसता भात आला, तर माणूस घरी येऊन सांगतो की आपल्याला काही मान दिला नाही. त्यामुळे मी कुठेही पोळी नको म्हटलं की घरवाली दुखावायची, आणि भात मागितला की तिला वाटायचं मी तिची गरिबी काढते.

दुसऱ्या दिवशी मी बाकासमोर उभी राहिले. गुरुजींनी तीन पानं तीनदा वाचली. असला रिपोर्ट त्यांच्या बाकावर पहिल्यांदाच आला होता, त्यामुळे दुःख दाखवावं की आनंद, हे त्यांना ठरवता येईना. ते पानं घेऊन घरी गेले. चार दिवसांनी त्यांनी मला बोलावलं तेव्हा वहीत या रोगाची सहा पानं झाली होती.

त्या दिवशी गुरुजींनी मला जे समजावलं, ते मला आजपर्यंत कुणी इतकं नीट समजावलेलं नाही. ज्या आकड्याची हद्द वीस होती, तिथे माझ्या रिपोर्टात 'दोनशेच्या वर' छापलं होतं. "याचा अर्थ मशीनची पट्टीच सरली, पोरी. दोनशे एक असन नाई तं हजार असन. म्हणून पुढच्या खेपेला थोडा उतरला आन् इथी दिसलाच नाई, तं रडाचं नाई." शेजारी आणखी एक आकडा होता, तो हद्दीत होता. ते म्हणाले, ही हजेरी. ज्याची हजेरीच कमी, त्याचा निकाल खोटा. अंगात प्रतिद्रव्यंच मुळात कमी बनत असतील तर वरचा आकडा चांगला दिसतो आणि माणूस फसतो; तुझी हजेरी पुरी आहे, म्हणून तुझा निकाल खरा धरायचा. मग हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. मला वाटायचं दोन्ही एकच. गुरुजींनी सांगितलं, हिमोग्लोबिन म्हणजे हांडीतला भात आणि फेरिटिन म्हणजे कणगीतला धान. तुझी हांडी अर्धी आहे आणि कणगी तर पार झाडून नेलेली आहे. हांडी आधी भरेल, कणगीला वेळ लागेल. आणि दर वेळी एकाच प्रयोगशाळेत रक्त द्यायचं, कारण एका बोर्डाचे मार्क दुसऱ्या बोर्डाला लावता येत नाहीत.

मी विचारलं, आकडा हद्दीत आल्यावर गहू चालेल का. ते म्हणाले, "पास झाली म्हणून शाळा पेटवाची काय?"

गुरुमाय, म्हणजे गुरुजींची बायको, दारातून हे ऐकत होती. आमच्या घरी पोळपाट एक, तवा एक आणि नवऱ्याला डब्यात पोळी लागते, हे तिला माहीत होतं. तिचं घर माझ्या ऑफिसच्या मागेच. घरात दोनच म्हातारी माणसं, दोन्ही वेळ भात खाणारी. गुरुजींनी तिला सांगितलं, "हिले गव्हाची पोळी चालत नाई, तांदळाची भाकर देत जा." त्या दिवसापासून रोज दुपारी एक वाजता गुरुजी स्वतः कापडात बांधलेल्या दोन भाकरी माझ्या टेबलावर आणून ठेवू लागले. तांदळाची इतकी मऊ भाकर मी उभ्या जन्मात खाल्ली नव्हती. घडी घातली तरी चिरत नसे. मी सगळ्या ऑफिसला तिचं कौतुक सांगायची.

सहा महिन्यांनी आकडा एकशे बत्तीसवर आला. गुरुजींनी झेरॉक्सवाल्याकडून सगळ्यांना चहा पाजला. वर्षाने शहात्तर. हिमोग्लोबिन साडेनऊ झालं. सासूबाईंनी दुपटी शिवायला जुनी लुगडी धुऊन ठेवली. आणि मग आकडा तिथेच बसला. दीड वर्षानंतर एकोणऐंशी. हिमोग्लोबिन जागचं हललं नाही.

आता गुरुजींमधला जुना परीक्षा पर्यवेक्षक जागा झाला. त्यांनी भरारी पथक काढलं, म्हणजे ते एकटेच निघाले. आमच्या स्वयंपाकघरात त्यांनी प्रत्येक डबा हुंगला. हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर भिंगातून वाचलं आणि तिच्यात मैदा असल्याचं जाहीर केलं. ते खरंच होतं. हिंग उकिरड्यावर गेला. मग ते चक्कीवर गेले आणि गव्हावर दळलेल्या तांदळात आधीच्याचं पीठ उतरतं, असं चक्कीवाल्याला ऐकवून आमच्या पिठासाठी चक्की पुसून घ्यायला लावली. चक्कीवाला मला पाहिलं की बहाणा करून बाहेर जाऊ लागला. सासूबाईंनी माझा पोळपाट वेगळा केला, तवा वेगळा केला, आणि मला वाटलं आता झालं. पुढचा आकडा आला एकाहत्तर.

त्या संध्याकाळी नवऱ्याने हळूच विचारलं, कुठे लग्नाबिग्नात काही खाल्लंस का. सासूबाईंनी विचारलंही नाही. त्यांनी धुतलेली लुगडी पेटीत तळाशी घातली. मी दुसऱ्या दिवशी बाकासमोर उभी राहिले तेव्हा गुरुजींनी रिपोर्ट पाहिला, चष्मा काढला आणि दहा माणसांसमोर विचारलं, "कॉपी करून राह्यली का, पोरी?"

मला फार लागलं. ज्या मुलासाठी मी बहिणीच्या लग्नात नुसतं वरण पिऊन राहिले होते, त्याच मुलाचा घात मीच करते आहे असं ज्याला त्याला वाटत होतं. नवऱ्याला वाटावं, सासूला वाटावं, ते एक वेळ समजलं असतं. गुरुजींना वाटावं हे मला सहन झालं नाही. मी रिपोर्ट त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि ऑफिसला न जाता घरी आले.

पुढचं मला गुरुमायनेच सांगितलं. गुरुजी दुपारी घरी आले आणि चुलीपाशी बसून चरफडू लागले की एवढं समजावूनही पोरगी चोरून गहू खाते. गुरुमायने विचारलं, किती खात असेल. गुरुजी म्हणाले, किती कशाला पाहिजे, चिमूटभर पुरतो. गुरुमायच्या हातातली पळी थांबली. "मी तं मूठभर टाकतो," ती म्हणाली.

कुठे टाकते, हे तिने सांगितलं तेव्हा गुरुजी जागचे उठले नाहीत. ती रोजच्या भाकरीत एक मूठ कणीक मिसळत होती. पाहुण्यांसाठी गव्हाच्या पिठाचा डबा आमच्याकडे प्रत्येक घरात असतोच. मास्तरांच्या घरून लेकीला नुसत्या तांदळाची कोरडी भाकर कशी द्यायची, गड्याला दिल्यासारखी. मूठभर कणकेने भाकर मऊ होते, चिरत नाही, आणि मानही राहतो. पोळी चालत नाही, एवढंच तिला सांगितलं होतं. तिने पोळी दिलीच नव्हती. सगळ्या तालुक्याला या रोगाची सहा पानं तोंडपाठ म्हणून दाखवणाऱ्या गुरुजींनी त्यातली एक ओळ घरात वाचून दाखवली नव्हती. बायकोला विचारायचं काय आणि सांगायचं काय, ती आपली दोन वेळचा भात रांधणारी. भरारी पथक सगळ्यांच्या घरी गेलं, ते स्वतःच्या चुलीपाशी थांबलंच नाही.

गुरुमाय तशीच, पदर खोचलेला, माझ्या दारात आली. मी दार उघडलं तर म्हणाली, "तुझं लेकरू मी खाल्लं." मी तिला धरून बसवलं. मला काय वाटलं ते खरं सांगते. आधी राग आला. दोन वर्षं, रोज, दोन भाकरी. मग मला तिचे हात दिसले, चुलीच्या धगीने काळे झालेले, माझ्यासाठी रोज भाकर थापणारे. मी दोन्ही खरं धरलं. तिला म्हटलं, लेकरू अजून यायचं आहे, ते कुणी खाल्लेलं नाही. सासूबाई आत उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी गुरुमायला पाणी आणून दिलं आणि मग माझ्याकडे न बघता माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लग्नानंतर पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी झेरॉक्सच्या दुकानासमोर आले, पण बाकावर बसले नाहीत. मला त्यांनी निरोप धाडून बोलावलं होतं आणि बाकावर बसायला सांगितलं. स्वतः समोर उभे राहिले. त्या वेळी तिथे रिपोर्ट घेऊन सात-आठ माणसं थांबली होती. गुरुजी म्हणाले, "काल या पोरीले मी चोर म्हटलं. चोरी माह्या घरून होऊन राह्यली होती. चूक परीक्षा देणाऱ्याची नाई, तपासणाऱ्याची आहे." एवढं बोलून ते घरी गेले. मी मान वर करून त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

त्यानंतर त्यांनी कुणाचाही रिपोर्ट वाचला नाही. तालुक्याची भलतीच पंचाईत झाली. ज्या लोकांनी वर्षानुवर्षं त्यांचं बोलणं ऐकून सोडून दिलं होतं, तेच आता गुरुजींशिवाय आमचं कसं होणार म्हणून हळहळू लागले. धानोऱ्याकडचे दोघं-तिघं तर घरापर्यंत आले. गुरुजी दार उघडत, चहा पाजत आणि कागदाला हात न लावता परत पाठवत. एकदा मीच त्यांना म्हटलं, चूक एक झाली, बरोबर तर हजार होते. ते म्हणाले, ती एक तुझ्या पोटावर झाली.

गुरुमायचं त्याहून कठीण. ती मला पाणी द्यायची, तेही पेला दोनदा विसळून. खायला मात्र काही देत नसे. पूर्वी भाजलेली मोहाची फुलं, पोह्याचा चिवडा, काहीतरी हातावर ठेवल्याशिवाय ती कुणाला जाऊ देत नव्हती. आता मी गेले की ती हात पदरात घेऊन बसायची.

सहा महिन्यांनी मी नवा रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडे गेले. गुरुजींनी पाकीट माझ्याकडे ढकललं. "तू वाच. तुले येते." मी वाचला. आधी हजेरी पाहिली, मग आकडा. तेवीस होता. हिमोग्लोबिन अकराच्या पुढे. कणगीत धान पडू लागला होता. पुढच्या खेपेला आकडा बारा आला आणि डॉक्टरीणबाईंनी हसून सांगितलं, आता हरकत नाही. चार महिन्यांनी मला दिवस गेले. तिसरा महिना उलटला त्या दिवशी मी सकाळी उठून नुसती बसून राहिले. चौथा लागला तेव्हा सासूबाईंनी पेटी उघडली.

माझी मुलगी आता तीन वर्षांची आहे. तिचं रक्तही तपासायचं आहे, कारण हा आजार घरात उतरू शकतो, आणि तो रिपोर्ट मीच वाचणार आहे. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हल्ली माझ्या टेबलाशी कुणी ना कुणी कागद घेऊन उभं असतं. मी त्यांना खुर्ची देते. गुरुजींना मुलगी झाल्याचं फोनवर कळलं, तिला बघणं मात्र झालं नाही. नागपूरला मुलाकडे गेले ते तिकडेच, दुसऱ्या पावसाळ्यात वारले.

मला आठवतात ते कुरखेड्याहून निघाले त्या दिवशीचे. त्यांची किडनी थकली होती, मुलगा गाडी घेऊन आला होता. मला पाचवा महिना होता. मी निरोप द्यायला गेले तर अर्धं सामान गाडीत चढलं होतं आणि चूल मात्र पेटलेली होती. गुरुमायने जातं अंगणात धुऊन, तापवून, वाळवून त्यावर स्वतः तांदूळ दळला होता. पाहुण्यांचा गव्हाच्या पिठाचा डबा तिने पावणेदोन वर्षांपूर्वीच शेजारी देऊन टाकला होता, हे मला त्या दिवशी कळलं. तिने ताट माझ्यापुढे ठेवलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. भाकर कडेने चिरलेली होती, कोरडी, पांढरीफटक.

मला भीती वाटली. पोटावर हात गेला. घरून निघताना सासूबाईंनी बजावलं होतं की कुणाच्या हातचं खायचं नाही, मग तो कुणी का असेना. मी गुरुजींकडे पाहिलं. ते चुलीशेजारी पाटावर बसले होते, डोळ्यांत धूर गेलेला, सदऱ्याला राख लागलेली.

"पहाटेपासून इथीच बसून आहो," ते म्हणाले. "उठलो नाई."

मी भाकर मोडली. मोडताना तिचे तुकडे ताटाबाहेर उडाले, ते वेचून खाल्ले. दुसरी खाल्ली. गुरुमाय अजून भिंतीलाच टेकून होती, आणि बाहेर मुलगा गाडीचा हॉर्न वाजवत होता. मी ताट पुढे केलं आणि तिसरी मागितली.